पहिला सर्फबोर्ड: नऊ हजारांचा सहा-फुटी घेऊ का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या सावंतवाडीच्या, नोकरीनिमित्त गोव्यात पर्वरीला राहतात. उंची ५ फूट ३ इंच, वजन ६२ किलो. आश्व्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगचे थोडे वर्ग झालेत. फेसाच्या पाण्यात बोर्डवर उभं राहता येतं, पण न फुटलेली लाट अजून स्वतःच्या बळावर पकडता येत नाही. गोवा सोडून जाणाऱ्या एकाकडून त्यांना ६ फूट २ इंचांचा शॉर्टबोर्ड नऊ हजारांत मिळतोय. विकणारा म्हणतो, "तुमची उंची कमी आहे, तुम्हाला हाच बरोबर बसेल." ऑफिसातला मित्र म्हणतो, मोठा बोर्ड घेऊन वर्षभरात बदलण्यापेक्षा पहिल्यापासून छोट्यावरच शिकावं. खर्चाची मर्यादा वीस हजार. घेऊ का, असं त्यांनी विचारलंय.

घेऊ नका. बोर्ड चांगला असेलही, विकणारा खोटं बोलतोय असंही मला म्हणायचं नाही. पण तो बोर्ड तुमच्यासाठी नाही आणि आपल्या समुद्रासाठीही नाही. कारणं सविस्तर सांगतो, कारण ती कळली की पुढचा बोर्ड निवडताना मला किंवा कुणालाच विचारावं लागणार नाही.

"कुठला बोर्ड चांगला" यापेक्षा "एका सकाळी माझ्या वाट्याला किती लाटा येतील" हा प्रश्न आधी विचारा. नवख्या माणसाचं एका लाटेवरचं उभं राहणं चार-पाच सेकंदांचं असतं. तासभर पाण्यात घालवला तरी प्रत्यक्ष सराव मिनिटभराचा होतो. लाटा दुप्पट मिळाल्या तर सराव दुप्पट. मी पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यांवर शिकवतो, आणि पुढे गेलेले विद्यार्थी आठवले तर त्यांत अंगानं चपळ असलेले कमी आणि भरपूर लाटा मिळालेले जास्त दिसतात. म्हणून पहिल्या बोर्डाचं काम एकच: लाटा मिळवून देणं. वळणं घेणं, दिसणं, गाडीत मावणं हे सगळं त्यानंतर.

आता आपला समुद्र. मोरजीपासून हरमलपर्यंतचे किनारे रुंद, वाळूचे आणि हळूहळू खोल होत जाणारे. तळ असा असला की लाट एकदम उभी राहून कोसळत नाही, वरून थोडी थोडी सांडत येते. शिकायला याच्यासारखी सोय नाही, पण त्या लाटेत जोर कमी असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तर कंबरेपर्यंतची लाट आली तरी आम्ही खूश असतो आणि काही दिवस समुद्र तळ्यासारखा पडून राहतो. पावसाळा संपल्यावरचे काही आठवडे आणि मग एप्रिल-मे हा काळ बरा. तेव्हा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा इथपर्यंत पोचतात. जून ते सप्टेंबरचं पाणी नवख्यांसाठी नाहीच. दृष्टी या कंपनीचे किनाऱ्यावरचे जीवरक्षक लाल बावटे लावतात ते शोभेसाठी नव्हेत. नद्यांचं गढूळ पाणी, समुद्राकडून येणारा वारा आणि जागा बदलणारी पाण्याची ओढ, यांत मी स्वतः विद्यार्थी उतरवत नाही.

दोन फुटांची लाट फुटायच्या बेतात असते तेव्हा साधारण ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेगानं येते. तुम्ही हातानं पॅडल मारून त्याच्या निम्म्याही वेगाला पोचत नाही. उरलेला वेग लाटेनं द्यायचा असतो. लाट उंच आणि उभी असेल तर उतारच इतका असतो की छोटा बोर्डसुद्धा घसरू लागतो. लाट लहान आणि पसरट असेल तर उतार नावापुरता, म्हणून तिचा रेटा झेलायला बोर्डाखाली भरपूर सपाट जागा लागते. ती लांबीतून आणि रुंदीतून येते. २०२४ च्या ऑलिंपिकची सर्फिंग स्पर्धा ताहितीतल्या तिआहूपोला झाली. तिथं प्रवाळाच्या खडकावर लाट भिंतीसारखी उभी राहते आणि त्या भिंतीसाठी ते टोकदार, पातळ बोर्ड असतात. मांद्र्याच्या गुडघाभर लाटेवर तोच बोर्ड त्या खेळाडूलाही कंटाळा आणेल.

उंचीबद्दल विकणाऱ्यानं जे सांगितलं, ते बरेच लोक सांगतात. पूर्वी बोर्ड उंचीवरून मोजायची पद्धत होती, पण पाण्याला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. म्हणून बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये बघायचं. बहुतेक नव्या बोर्डांवर लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी लिटरचा आकडा लिहिलेला असतो. नवख्यासाठी माझा ढोबळ हिशोब असा: जितके किलो वजन, निदान तितके लिटर, आणि वर थोडे जास्त असले तर उत्तमच. तुमच्यासाठी ६० ते ७० लिटर. ६ फूट २ इंचांचा नेहमीचा शॉर्टबोर्ड २८-३० लिटरच्या आसपास भरतो, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या निम्मा. त्यावर पालथं पडलात की बोर्ड पाण्याखाली जाईल, छातीपर्यंत पाणी येईल आणि पॅडल मारताना पाणी कापण्याऐवजी ढकलत बसाल. लाट तुमच्याखालून निघून जाईल. असं दहा वेळा झालं की माणसाला वाटतं, आपल्याच दंडात जोर नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच निराधार नाही. आठ-दहा वर्षांची मुलं छोट्या बोर्डावर शिकतात, कारण त्यांच्या वजनाला तो छोटा नसतोच. कर्नाटकातल्या मुळकीला किंवा चेन्नईजवळच्या कोवळमला राहून रोज पाण्यात जाणारा, पोहण्यात तयार असलेला विशीतला मुलगा मधला टप्पा गाळू शकतो. तुम्ही शनिवार-रविवारी जाणार. मधले पाच दिवस खुर्चीवर बसणार. शिवाय मोठ्या बोर्डावर शिकलेलं वाया जात नाही. लाट कुठं फुटेल हे ओळखणं, योग्य जागी थांबणं, पॅडल कधी सुरू करायचं हे सगळं तिथंच शिकायला मिळतं. छोट्या बोर्डावर गेल्यावर मग शिकायचा उरतो तो फक्त तोल.

मग काय घ्यायचं? तुमच्यासाठी मी आठ फुटी सॉफ्टटॉप सांगेन, साधारण २२ ते २२.५ इंच रुंद आणि तीन इंचांहून थोडा जाड. तो ७० लिटरच्या आसपास येतो. आम्ही त्याला नुसतं फोमी म्हणतो: आत थर्माकोलच्या जातीचा घट्ट फोम, त्यात ताठपणासाठी लाकडी पट्ट्या, वर मऊ थर, खाली गुळगुळीत प्लास्टिक. वर्गात तुम्ही ज्यावर शिकलात तो बहुतेक हाच किंवा याचा नऊ फुटी भाऊ. नऊ फुटांवर लाटा अजून सोप्या मिळतात, पण ६२ किलोच्या माणसाला फेसातून तो बोर्ड आत नेणं जड जातं आणि वारा सुटला की किनाऱ्यावरून चालणंसुद्धा. आठ फुटीसुद्धा तुमच्या बगलेत मावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. रुंदी २२ इंच झाली की पाच-तीन उंचीच्या माणसाची बोटं खालच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. डोक्यावर घ्यायचा, दोन्ही हातांनी कडा धरून. आमच्याकडे कोळणी टोपली नेतात तसा. सगळ्यात सुखाची पद्धत तीच आहे.

साडेसात फुटीही चालेल, जर तो रुंद आणि जाड असेल आणि आकडा ६० लिटरच्या खाली जात नसेल. सात फुटीवर मात्र विचार करा. सात फुटी फोमी बहुधा पन्नास लिटरच्या आसपास असतात आणि ऑक्टोबरात बऱ्या वाटणाऱ्या त्या बोर्डावर जानेवारीत हात टेकाल.

इथून पुढचं परिस्थितीवर आहे, आणि खरं सांगायचं तर निर्णय बहुतेकदा इथंच होतो. बोर्ड ठेवणार कुठं आणि नेणार कसा?

पर्वरीहून आश्वे म्हणजे म्हापसा, शिवोली करत निघालात तरी पाऊण तास कुठं गेला नाही. स्कूटरला बाजूनं लोखंडी रॅक बसवून मिळतो, गॅरेजवाले वेल्डिंग करून देतात. सहा-सात फुटांपर्यंत तो ठीक. आठ फुटी बोर्ड रॅकला बांधला की पुढून मागून इतका बाहेर येतो की शिवोलीच्या गल्लीत समोरून कदंब बस आली तर कुणी मागं जायचं यावर चर्चा होते. वाऱ्यात तर हँडल ओढलं जातं. चारचाकी असेल तर टपावर मऊ रॅक आणि दोन पट्टे, प्रश्न मिटला. चारचाकी नसेल तर बोर्ड किनाऱ्याजवळच ठेवा. सर्फ स्कूलवाले, ओळखीचा शॅकवाला (किनाऱ्यावर हंगामापुरतं हॉटेल थाटणारा), गावातलं एखादं घर, महिन्याचे थोडे पैसे घेऊन जागा देतात. एवढं लक्षात ठेवा की मेअखेर शॅक मोडून आवरतात. जूनमध्ये "बोर्ड घेऊन जा" असा फोन येणारच, तेव्हा घरात आठ फुटी भिंत मोकळी हवी. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण बघून घ्या. मला हसू नका, वळणात अडकून नोज, म्हणजे पुढचं टोक, फुटलेले बोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

ठेवायची सोय होत नसेल तर सरळ सांगतो, यंदा विकत घेऊच नका. भाड्यानं घ्या. महिन्यात किती वेळा खरंच पाण्यात जाता ते गेल्या दोन महिन्यांच्या कॅलेंडरवरून मोजा, मनातल्या इराद्यावरून नको. त्याला एका वेळच्या भाड्यानं गुणा, ऑक्टोबर ते मे धरा आणि नव्या बोर्डाच्या किमतीशी ताडून बघा. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला भाडंच परवडतं. दर आठवड्याला जाणाऱ्याला स्वतःचा बोर्ड. भाड्याचा आणखी एक फायदा: आठ, साडेसात, नऊ असं बदलून बघता येतं.

वेळेचाही एक मुद्दा आहे. सहा-आठ महिने राहून परत जाणारे लोक एप्रिल-मेमध्ये बोर्ड विकतात, तेव्हा भाव पडतात. पण लगेच पावसाळा लागतो आणि चार महिने बोर्ड घरात उभा राहतो. ऑक्टोबरात उलटं, गरज सगळ्यांना आणि बोर्ड थोडे. तुम्ही आत्ता विचारताय म्हणजे घाईच्या हंगामात आहात. वीस हजारांत नवीन चांगला फोमी मिळेलच असं नाही, मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत कधी असतो, कधी नसतो. माझ्या मते दोन-तीन महिने भाड्यानं काढा आणि सर्फ स्कूलवाल्यांच्या कानावर घालून ठेवा. ते आपले जुने फोमी मधूनमधून काढतात.

जुना फोमी बघायला गेलात तर सकाळी किंवा दुपारी जा, दिव्याच्या उजेडात नको. पहिल्यांदा उचलून बघा. त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड लागला तर आत पाणी आहे. फोमीत एकदा पाणी गेलं की ते पूर्ण निघत नाही, विकणारा "उन्हात ठेवला की सुकेल" म्हणाला तरी. मग वरचा थर तळव्यानं दाबत नोजपासून टेलपर्यंत, म्हणजे मागच्या टोकापर्यंत या. कुठं फुगा लागला, दाबल्यावर खाली जाऊन परत वर आला तर थर सुटलाय. बंद गाडीत किंवा भर उन्हात पडून राहिलेल्या बोर्डांचं हे हमखास होतं. टेलजवळ रुपयाएवढा फुगा असेल तर किंमत पाडून घ्या. छातीखाली, मध्यभागी असेल तर सोडून द्या.

नंतर बोर्ड उलटा करा आणि डोळा टेलच्या पातळीला आणून कडेकडेनं बघा. तळाच्या प्लास्टिकवर आडवी सुरकुती दिसली तर आतला फोम किंवा पट्टी मोडली आहे आणि बोर्ड लाटेत त्याच ठिकाणी दुमडणार. हा दोष फोटोत दिसत नाही, म्हणून फोटो बघून पैसे पाठवू नका. दोन टोकं विटांवर टेकवून मध्ये हलका भार दिला तर चांगला बोर्ड किंचित वाकतो, मोडका मधूनच खचतो. कडेचा सांधा सगळीकडून नखानं तपासा. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, जिथं अडकवतात ती खुंटी ओढून बघा. फिन, म्हणजे तळाला मागं लावलेले पंख, हलवा, मुळाशी भेग आहे का बघा. फिन कुठल्या कंपनीचे, हे विसरून जा. या टप्प्यावर त्यानं काही फरक पडत नाही. मऊ, लवचीक कडेचे असतील तर मात्र बरं.

फायबरचा कडक बोर्ड बघत असाल तर तपासणी वेगळी. त्यात दोन जाती सहज दिसतील: पॉलियुरेथेन फोमवर पॉलिएस्टर रेझिन, किंवा थर्माकोलसारख्या फोमवर इपॉक्सी. दुसरी हलकी आणि ठोके जास्त सोसणारी, पण फुटली की पाणी भराभर पिते. भेग दिसली आणि आत पाणी आहे का अशी शंका आली तर आम्ही भेगेला तोंड लावून ओढून बघतो. खारट लागलं तर व्यवहार तिथंच थांबवतो. बघणाऱ्याला किळस येते, पण याहून स्वस्त चाचणी नाही.

साडेसात-आठ फुटी कडक फनबोर्ड (शॉर्टबोर्डापेक्षा लांब, रुंद, गोल नोजचा) पहिला म्हणून घेऊ नये असं नाही. तुमची लिटरची अट तो पूर्ण करतो आणि फोमीपेक्षा वळतो छान. तरी मी नवख्याला तो आश्व्याला देत नाही. कारण डिसेंबरात त्या पाण्यात सर्फर कमी आणि कंबरभर पाण्यात उभे राहून फोटो काढणारे जास्त. तुमच्या हातून सुटलेला बोर्ड लाटेबरोबर किनाऱ्याकडे जातो आणि कडक बोर्डाच्या फिननं टाके पडतात. पडताना तो तुमच्याही डोक्याशी असतो. फोमीनं लागत नाही असं नाही, पण कमी लागतं. जेव्हा दहांतल्या सहा-सात न फुटलेल्या लाटा तुम्ही स्वतः निवडून पकडाल आणि लाटेच्या कडेकडेनं डावीकडे-उजवीकडे जाल, तेव्हा फनबोर्डाकडे वळा. फोमी तोपर्यंत सांभाळला असेल तर दुसरा कुणीतरी नवखा तो घेऊन जाईल.

इथवरचं दोन ओळींत: ६ फूट २ इंच नको, ६०-७० लिटरचा साडेसात ते आठ फुटी फोमी हवा, आणि ठेवायची जागा ठरल्याशिवाय तोही नको.

घेतल्यावर त्याला उन्हापासून जपा. पाण्यातून बाहेर आलात की सावली शोधा, नाहीतर बोर्ड पालथा घालून वर ओला टॉवेल टाका. घरी गोड्या पाण्यानं धुवा. पावसाळ्यात कव्हरमध्ये बंद ठेवू नका, बुरशी धरते. लीश फिनांभोवती करकचून गुंडाळू नका, वळ पडतात आणि मग पाण्यात ती पायात गुंतते. लीशची लांबी बोर्डाइतकी, म्हणजे आठ फूट. जुन्या बोर्डाबरोबर आलेली लीश मी शक्यतो वापरू देत नाही. चिरा पडलेली लीश नेमकी मोठ्या लाटेत तुटते आणि मग बोर्डाशिवाय पोहत यावं लागतं. म्हणून वीस हजारांतले थोडे पैसे नव्या लीशसाठी बाजूला ठेवा. पोहणं कच्चं असेल तर त्याच्या वर्गासाठीही, बोर्डाच्या आधी.

जाताना सकाळी लवकर जा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे लाटेचा चेहरा साफ ठेवतात. साडेनऊ-दहानंतर खारे वारे सुरू झाले की पाणी चुरगळतं. हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा सागरी अंदाज फुकट मिळतो, त्यात लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंद बघा. बारा-चौदा सेकंदांची दोन फुटी लाट सहा सेकंदांच्या तीन फुटीपेक्षा तुमच्या बोर्डाला कितीतरी चांगली. किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर जाळ्याच्या दोन दोरांमधून आत जाऊ नका, ते आवरेपर्यंत थांबा. मोरजी-मांद्र्याला हिवाळ्यात कासवांच्या घरट्यांना कुंपण घातलेलं असतं, तिथं वाळूवरून बोर्ड ओढत नेऊ नका.

आणि तुम्ही शेवटी विचारलं होतं की फोमीला वॅक्स, म्हणजे पाय सरकू नये म्हणून चोळायचं मेण, लागतं का. बहुतेक फोमींच्या वरच्या थराला खरबरीत नक्षी असते आणि सुरुवातीला तेवढी पुरते. नक्षी झिजली किंवा पाय सरकू लागला तर पाय टेकतात तेवढ्याच भागात लावा. पाकिटावर "ट्रॉपिकल" लिहिलेलं असेल तेच घ्या. थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडे स्कूटरच्या डिकीतच वितळून जातं.